ओरखडा की तडा

प्रयोगशाळेत सगळे तिला ‘पॉलिशवाली ताई’ म्हणत. धातूचे तुकडे कापायचे, आरशासारखे घासायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून द्यायचे, हे काम ती सोळा वर्षं करत होती. नोकरी सांभाळून एम.एस्सी. केलं होतं, पण ते ती कुणाला सांगायची नाही. एके दिवशी फलकावर जाहिरात लागली: मिश्रधातूंच्या कणांमधून तडा कसा सरकतो, यावर पीएच.डी.च्या दोन जागा. तिथल्या प्राध्यापक मॅडमनी तिला फलकापाशी रेंगाळताना पाहिलं.

“अर्ज भरा की.”

“मी? बेचाळिसाव्या वर्षी?”

“धातू काही तुमचं वय विचारणार नाही.”

अर्ज भरला आणि झोप उडाली. नवरा म्हणाला, “नापास झालीस तर खाऊ मी आणीन, पास झालीस तर तू आण.” ती हसली.

मुलाखतीत मॅडमच्या शेजारी बसलेल्या विभागप्रमुख सरांनी पडद्यावर एक चित्र लावलं. करड्या कणांवर तीन बारीक काळ्या रेषा. “हे तडे कणांच्या सीमा ओलांडून कसे गेले, सांगा.”

तिनं ते लगेच ओळखलं. हा नमुना तिनंच घासला होता, सहा वर्षांपूर्वी, घाईत. आईला दवाखान्यात न्यायचं होतं. डावीकडची रेष सरळसोट होती. तडा असा जात नाही, तो वळणं घेत वाट काढतो. हा तिच्या हातचा ओरखडा होता. आणि याच चित्रावर सरांचा शोधनिबंध छापून आला होता.

गप्प बसावं? ठोकून द्यावं काहीतरी? बोललं तर जागा जाणार, कदाचित नोकरीही.

“सर, डावीकडची रेष तडा नाही,” ती म्हणाली. तिनं पडद्यावरच्या रेषेकडे बोट दाखवलं. “घासताना पडलेला ओरखडा आहे. चूक माझी आहे.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं. या तुम्ही.”

पुढचे तीन आठवडे दाराशी पावलं वाजली की ती दचकायची. जपून ठेवलेला तो तुकडा मॅडमनी दुसऱ्याकडून पुन्हा घासून घेतला. दोन रेषा खऱ्या निघाल्या, डावीकडची पुसली गेली. सरांनी मासिकाला दुरुस्ती पाठवली आणि तिच्याशी बोलणं सोडलं.

जागा मिळाली, मॅडमच्या हाताखाली. पत्र घेऊन घरी जाताना तिनं वाटेत खाऊ घेतला.

“आता तरी भीती गेली?” नवऱ्यानं विचारलं.

“छे. अजून पाच वर्षं पुरेल एवढी आहे,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर गेली.