गोठा लिहिलेली घरं

आमचं घर पांढुर्ण्याच्या उतारावर, खालच्या मोहल्ल्यात अगदी शेवटचं. सकाळी वरच्या कॉलनीत लोक आंघोळी करायचे आणि सात-साडेसातला साबणाचा फेस आमच्या दारात यायचा. उघडी नाली आमच्या अंगणाशी येऊन संपायची, तिला पुढं वाटच नव्हती. आई उंबऱ्याशी विटा रचून पाणी अडवायची, पिठाचा डबा खाटेवर ठेवायची आणि वासावरून सांगायची, "आज वरतं कोनाकडं पाव्हणे आले वाटते. महाग साबण हाय." बाबा संत्र्याच्या तोडणीला जात. लहान भावाला दोनदा कावीळ झाली. मी बीए केलं ते पाय विटेवर ठेवून. आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही न विचारता सांगते.

मोहल्ल्यातली एकवीसही घरं एकाच माणसानं बांधलेली. लहानू मिस्त्री, आम्हा सगळ्यांचे मिस्त्रीबाबा. काटकुळे, डोक्याला टॉवेल, बोटांच्या भेगांत सिमेंट कायमचं बसलेलं. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी तांब्यातलं पाणी फरशीवर ओतायचे आणि ते कुठं जातं ते उकिडवे बसून पाहायचे. नव्या सुनांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "पोरी, मानूस काय सांगते ते आयकू नोको. पानी कुठं जाते ते पाह्य. पान्याले चहा पाजता येत नाई."

असं बोलणाऱ्या माणसानंच आमच्या मोहल्ल्याला एक खोटं शिकवलं होतं.

मी बारावीत असताना नगरपालिकेचा सर्वे आला. रजिस्टर घेऊन एक मॅडम दारोदार फिरत होत्या. आमच्या राज्यात सरकारी कामकाज सगळं हिंदीत, त्याही हिंदीच बोलायच्या. घर म्हटलं की टॅक्स लागेल, या धास्तीनं सगळे मिस्त्रीबाबांकडं पळाले. त्यांनी तिथल्या तिथं तोड काढली, "घर म्हनूच नोका. कोठा म्हना. ढोराच्या कोठ्याले कोन टॅक्स लावते?" आमच्याकडं गोठ्याला कोठा म्हणतात. पण कोठा म्हटला तर ढोर पाहिजे, आणि सगळ्या मोहल्ल्यात गाय एकच, सगुणाआजीची बांडी. मॅडम एका घरातून निघाल्या की मिस्त्रीबाबा मागच्या बोळीतून बांडीला पुढच्या दारी नेऊन बांधायचे. आमच्या घरी मॅडम चहा प्यायल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "आपके मोहल्ले में सब गायें एक जैसी हैं." आई पदर तोंडाला लावून आत पळाली. त्या संध्याकाळी मोहल्ला पोट धरधरून हसला. मीही हसले.

पुढं पांढुर्णा जिल्हा झाला. गावाचा नवा नकाशा तयार झाला. घरांची वस्ती कुठं, हिरवा पट्टा कुठं, गटाराची नवी लाइन कुठून जाणार, सगळं त्यात होतं. तेव्हा मला बोरगावच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम लागलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी नगरपालिकेच्या भिंतीवर लावलेला नकाशा मी बोट फिरवत वाचला. वरची कॉलनी पिवळी, म्हणजे निवासी. आमचा उतार सगळा हिरवा. त्यात एकवीस बारके चौकोन, आणि बाजूला लिहिलेलं, पशु शेड. गटाराची लाइन वरच्या रस्त्यावरूनच वळून गेली होती. गोठ्यांना कुणी गटार देत नाही. शिवाय हिरव्या पट्ट्यात राहती घरं चालतच नाहीत. म्हणजे लाइन तर नाहीच, उद्या घरंही उठू शकत होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

शेजारचे वासुदेवभाऊ किराणा दुकानवाले, बोलण्यात पटाईत. ते म्हणाले, "सोपं हाय. सर्वेवाली बाई आलीच नाई म्हना. घरी बसून लिहिलं तिनं. तू बीए झाली ना? लिही अर्ज." मी लिहिला. चांगल्या कडक हिंदीत, कार्बन लावून. स्वतःच्या अक्षरावर मी खूश होते. वीस घरांच्या सह्या, अंगठे झाले. मिस्त्रीबाबांनी मात्र कागद वाचून घेतला आणि परत केला.

"त्या बाईची नोकरी जाईन."

वासुदेवभाऊ भडकले. "आन् आमची घरं जाऊन राह्यली त्याचं काय? तुमच्याच पायी झालं नं हे!"

"हाव, माह्याच पायी. खोटं एकदा बांधलं मी. त्याच्यावर दुसरा मजला नाई चढवत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अन् तू वं? याच्यासाठी शिकली काय?"

मला राग आला. आमच्या अंगणात पाणी शिरतं, यांच्या नाही, असं मी तोंडावर बोलले. ते टॉवेल झटकून उठून गेले. सुनावणीपर्यंत मी त्यांच्या दारावरून गेले नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात, दुपारी. समोर जिल्ह्याहून आलेले साहेब, बाजूच्या खुर्चीवर त्याच सर्वेवाल्या मॅडम, मांडीवर जुनं रजिस्टर. त्यांनी मला ओळखलं आणि हसल्या. माझ्या पर्समध्ये अर्ज होता. आमच्या मोहल्ल्याचं नाव पुकारलं तशी वासुदेवभाऊनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. "महोदय, सर्वे करने वाली कर्मचारी हमारे यहाँ..." इथपर्यंत वाचलं. मॅडमचं हसू गेलं. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, पण मी कागद खाली केला.

"बस पोरी, बस," मागून आवाज आला. मिस्त्रीबाबा बाकांमधून वाट काढत पुढं येत होते. "साहब, ये बाई आयी थी. घर-घर आयी थी. इसका कुसूर नहीं. गाय मैंने फिरायी."

"कौन सी गाय?"

सभागृहात हशा पिकला. मिस्त्रीबाबांनी सगळं सांगितलं, बांडीसकट. हसणारे हळूहळू गप्प झाले, कारण साहेब हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "बाबा, आपको पता है, गलत जानकारी देने पर कार्रवाई हो सकती है?"

"मालूम है. घर मैंने बांधे, झूठ बी मैंने बांधा. जो करना वो मेरे पे करो. पर वो घर है साहब, उसमें लेकरं रहते हैं."

साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. "और कोई मानता है कि उसने गलत लिखवाया?"

वासुदेवभाऊ खाली पाहत होते. सगळेच खाली पाहत होते. 'हो' म्हटलं तर कारवाई, 'नाही' म्हटलं तर घरं कायमची गोठे. मी अर्ज मुठीत चुरगळला, पण तोंड उघडलं नाही. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा जमलं नाही.

उठले ते माझे बाबा. घरातसुद्धा दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. हात जोडून म्हणाले, "माहं बी घरच हाय, साहेब." मग सगुणाआजी उठली, "गाय माही होती." तिच्यामागून एकेक जण उठला. वासुदेवभाऊ सगळ्यात शेवटी. साहेबांनी बराच वेळ लिहिलं आणि नव्यानं सर्वे करायचा हुकूम दिला. कारवाईचं नंतर पाहू म्हणाले.

दुसऱ्या सर्वेला मिस्त्रीबाबा मॅडमसोबत फिरले. प्रत्येक भिंतीवर थाप मारून सांगत, "हे घर. लिवा." निकाल यायला महिने लागले, आणि तेवढे महिने मोहल्ला त्यांच्यावर रुसून होता. कारवाई म्हणून मागच्या वर्षांचा टॅक्स अंगावर आला तो यांच्यामुळं, असं बोलणं चाले. वासुदेवभाऊनं मुलीच्या लग्नाची पत्रिका मिस्त्रीबाबांचं घर सोडून सगळीकडं दिली. मी घाबरत मिस्त्रीबाबांकडं गेले तर म्हणाले, "बरं झालं, आहेर वाचला. ये, बस." अर्जाबद्दल त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, पुढंही कधी नाही. माफी मागायला मीच दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा ठेवायला पाठवलं.

नाली खोदायला मशीन आली तेव्हा ते खाटेवर होते. दमा उफाळला होता. मी रोज संध्याकाळी जाऊन सांगायची, आज इथपर्यंत पाइप आले, आज वासुदेवभाऊच्या दुकानापर्यंत. ते उताराचे आकडे विचारायचे, मला सांगता यायचे नाहीत. मग मी इंजिनिअरला विचारून कागदावर लिहून न्यायला लागले. एका संध्याकाळी गेले तेव्हा कागद ऐकायला ते नव्हते. खांदा द्यायला वासुदेवभाऊ सगळ्यात पुढं होते.

नव्या नकाशात आमचा मोहल्ला निवासी आहे. एकवीसही घरांना गटारलाइनीचं कनेक्शन मिळालं. घाण पाणी आता जमिनीखालून जातं, आणि घराचा टॅक्स आम्ही घर म्हणूनच भरतो.