खात्यात की खतात

नोकरी लागली तेव्हा परतूरला घरी मी एवढंच सांगितलं, "सरकारी खात्यात आहे." काम काय, हे घरच्यांनाही सांगायची बंदी होती. आईने ऐकलं 'खतात', आणि गल्लीत तेच पसरलं. दिवाळीला आले की शेजारीपाजारी हजर, "खतवाल्या ताई, कपाशीला कोनतं टाकू?" मीही काहीबाही ठोकून द्यायचे. सांगताही येत नव्हतं आणि सहनही होत नव्हतं.

तशी आई पुरती चुकली नव्हती. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये जळायला लागणारा ऑक्सिजन इंधनातच मिसळलेल्या क्षारातून येतो. पूर्वी बंदुकीच्या दारूतला सोरा वापरायचे, मग परक्लोरेट आलं. ते जोरात जळतं, पण धुरातून आम्ल ओकतं. खात्यातल्या आमच्या गटाला त्याच्या जागी अमोनियम नायट्रेट आणायचं होतं, म्हणजे खतातलंच. त्याची खोड अशी, की बत्तीस अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकाची ठेवण बदलते, ते फुगतं आणि इंधनाला तडे जातात. आमच्याकडे तेवढं तर शिमग्याआधीच तापतं! त्या तड्यांशी झगडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. स्थळं आली तशी परत गेली. तडे जरा आटोक्यात येऊ लागले आणि वरून हुकूम आला, काम बंद. परक्लोरेटवर भागतंय ना, मग कशाला? त्याचा राग मला अजून आहे, आणि तो जावा असं वाटतही नाही.

गेल्या हिवाळ्यात जालन्याच्या एका कॉलेजात या क्षारांच्या संशोधनाच्या इतिहासावर व्याख्यान होतं. आता हे सगळं पुस्तकांत उघड छापून येतं. आई थकली आहे. लेकीने जन्मभर काय केलं ते तिला एकदा कळावं, म्हणून तिला गाडीत घालून नेलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती. वक्ते सोऱ्यापासून निघाले, परदेशी नावं घेत परक्लोरेटवर पोचले. मग म्हणाले, "अमोनियम नायट्रेटवरही आपल्याकडे थोडे प्रयत्न झाले, पण हाती काही लागलं नाही." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

आईने कोपराने ढोसलं. "तुझं कवा सांगनार हायेत?"

"सांगून झालं, आई."

ती माझ्याकडे वळली. "येवढंच? अन् ह्येच्यापायी लगीन न्हाई केलंस?"

व्याख्यान संपल्यावर मी तिला गाडीत बसवलं.

परतूरला पोचलो तेव्हा शेजारीण ओट्यावर बसली होती. "मावशी, कुठं गेल्त्या सजूनधजून?"

"जालन्याला. हिच्या कामाचं भाषण होतं."

"मंग? कळलं का काय काम होतं ते?"

आईने सावकाश चपला काढल्या.

"कळलं की," ती म्हणाली. "खतातच होती. लय लोकाची रानं पिकली तिच्यामुळं."