कान बंद करून साउंड करणारी पोरगी

साउंडचेक ऐन रंगात आलेला, आणि प्राचीने पर्समधून एक डबी काढून दोन्ही कानांत बुचं घातली.

"काय गं हे?" मी विचारलं.

"इअरप्लग्ज, दादा."

"साउंड करायला आलीस ना? मग कान बंद करून?"

"बंद नाही होत. कमी होतं फक्त."

मी हसलो. ढोलकीवालाही हसला. आचाऱ्याने नाकाला चिमटा लावून आमटीचा वास घ्यावा, तसला प्रकार! मी वीसेक वर्षं लाइव्ह साउंड करतोय. कानात कधी कापूससुद्धा घातला नाही. शो संपल्यावर कानात सूंऽऽ वाजत राहायचं, सकाळपर्यंत जायचं. आमच्या लाइनमध्ये त्याचा अर्थ शो जोरात झाला.

मानपाड्याच्या पुढच्या एका गावातली हळद होती. इकडच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. मंडप, स्टेज, ऑर्केस्ट्रा, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर. आवाज छातीत लागला नाही, तर यजमान विचारतात, "साउंड आणलाय का रेडिओ?"

आमचे शेठ ठाण्याचे. ऑर्केस्ट्रा त्यांचा, सामानही त्यांचंच. त्यांना ठाण्यातल्या एका नाट्यगृहात सीझनभराचे कार्यक्रम मिळालेले. तिथे मिक्सरवर एकच माणूस बसणार. मिक्सर म्हणजे ते बटणांचं टेबल. कोणाचा आवाज किती, जाड की बारीक, सगळं तिथून ठरतं. इतकी वर्षं मिक्सरच्या खुर्चीवर मीच. पण यंदा शेठ म्हणाले, "विजू, हळदीला दोघं या. अर्धा प्रोग्राम तू कर, अर्धा ती. मग बघू."

मग बघू! ठाकुर्लीची पोरगी, कोर्स करून परवा आलेली, आणि माझ्याबाबतीत 'मग बघू'! सरळ सांगतो, जळलो मी. तिचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. केबल गुंडाळते ती किती नीट. गायक मंडळी "प्राची, प्राची" करतात. मला शुगर आहे हे शेठच्या कधी लक्षात राहिलं नाही, पण तिचा चहा बिनसाखरेचा, हे बरं लक्षात होतं!

हळदीच्या साउंडचेकला शेठनीही तिला बुचांचं विचारलं. ती सांगू लागली. "शेठ, कापूस घातला की बारीक आवाज आधी जातात, सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं येतं. याच्यात फिल्टर आहे. जाड-बारीक सगळं जवळपास सारखंच खाली उतरतं. शेवटचं ट्यूनिंग करताना बुचं थोडा वेळ काढून ठेवते, मग परत घालते."

"अरे वा," शेठ म्हणाले. डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. अरे वा काय? माझ्या कामाला कधी अरे वा आलं नव्हतं.

पहिला अर्धा भाग माझा. सुरुवातीला धवलारीण गाणार होती. धवले म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, ती हळदीला गाते ती धवलारीण. गावात तिचा मान भटजीपेक्षा कमी नाही. नऊवारीतली आजी माइकसमोर बसली, गायला लागली. मला तिचा आवाज मळकट वाटला. शब्द उमटेनात. मी 'हाय'चं बटण वर केलं. हाय म्हणजे आवाजातला बारीक, टोकदार भाग. तरी मळकट. अजून थोडं वर केलं. म्हटलं, आज असा चकचकीत साउंड देतो की ठाण्याची खुर्ची हलायची नाही.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. पोरं कानात बोटं घालून पळायला लागली. आणि धवला अर्धवट टाकून आजी थांबली. हळदीत धवला तुटणं बरं नाही मानत.

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "आरं बाला, यो माजा आवाज नाय. कानान सुया टोचतान."

नवऱ्यामुलाचा काका धावत आला. "काय चाललंय, दादूस? आजीचं गाणं तोडलंत तुम्ही!"

शेठ माझ्या मागे उभे. "विजू, हाय कमी कर."

"शेठ, आहेच कुठे जास्त? मला तर कमी वाटतंय."

"अरे कमी कर म्हणतोय ना!"

"माइक खराब असेल," मी म्हणालो. माघार कशी घेणार? प्राचीसमोर?

प्राची वाद घालायला आली असती तर भांडता तरी आलं असतं. तिने बुचं काढली, माझ्या खांद्यावरून हात घालून ते बटण खाली केलं आणि आजीला खूण केली. आजीने धवला पहिल्यापासून धरला. बायकांचे पदर खाली आले. काका हात जोडून परत गेला. आजी गाता गाता प्राचीकडे बघून हसली. सगळ्या मंडपाला फरक कळला.

मला काहीच फरक ऐकू आला नाही.

बटण खाली गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. आवाज तोच. तितकाच मळकट. मी खुर्चीवरून उठलो. शेठना वाटलं, मी रागावून उठलो. वाटू दे म्हटलं.

त्या आठवड्यात गुपचूप डोंबिवलीत कानांच्या डॉक्टरकडे गेलो. तिथल्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. बीप ऐकू आली की दाबायचं. सुरुवातीला धडाधड दाबलं. मग बीप यायच्या बंद झाल्या. मी वाट बघत बसलो. शेवटी काचेवर टकटक केलं.

"मॅडम, मशीन बंद पडली वाटतं. सुरू करा ना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सुरूच आहे, काका."

कानातल्या बारीक, टोकदार आवाज ऐकणाऱ्या पेशी सततच्या मोठ्या आवाजाने मरतात, त्या परत येत नाहीत, असं त्यांनी समजावलं. म्हणजे जे मला ऐकू येत नव्हतं, ते मी वाढवत बसलो होतो आणि लोकांच्या कानात खिळे ठोकत होतो. "शोनंतर सूं वाजायचं का?" बाईंनी विचारलं. वाजायचं म्हटलं. "तेव्हाच यायला हवं होतं."

ठाण्याची खुर्ची प्राचीला गेली. मी आता स्पीकर उभे करणं, वायरिंग, जनरेटर बघतो. माझ्या कानांतही बुचं आहेत, उरलंय ते सांभाळायला. नवीन पोरांना एवढंच सांगतो: कान दुखत नाहीत, गुपचूप जातात. दुखेल तेव्हा बघू म्हणणारा बहिरा होतो.

खुर्ची गेली ते मी पचवलं. अनुभव माझा जास्त, पण कान तिचे चांगले. हिशोब कळतो मला. जळतो मी दुसऱ्याच गोष्टीवर. ही पोरगी माझ्या वयाची होईल, केस पिकतील, आणि तरी तिला सगळं ऐकू येत असेल.