पासवाल्या पोरी

साताऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी पुढारी झाले, ती मार्कांमुळे. कॉलेजातल्या निवडणुका बंद झाल्या होत्या. मारामाऱ्या होतात, डोकी फुटतात, म्हणून. मग वर्गात जो पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, असा सोपा मार्ग निघाला. मी पहिली आले होते. मला ना भाषण करता येत होतं, ना चार माणसं गोळा करता येत होती. पाठांतर तेवढं चांगलं होतं. त्या जोरावर माझ्या ओढणीला बिल्ला लागला आणि सुट्टीत मला सांगलीच्या नेतृत्व शिबिराला धाडण्यात आलं.

शिबिरात पहाटे कवायत आणि दिवसभर भाषणं. एक सर रोज फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘नेता नेहमी पुढे असतो.’ मी ते इमानदारीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. आज ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. फाट्यावर उतरायचं आणि उसाच्या कडेनं चालत घर गाठायचं. गावातून कॉलेजला जाणाऱ्या आम्ही मोजक्या पोरी, सगळ्या एसटीच्या पासवर. पासवाल्या पोरी म्हणजे कंडक्टरच्या लेखी फुकट्या. सकाळी आम्ही हात करायचो आणि ड्रायव्हर समोर बघत निघून जायचा. संध्याकाळी फाटा जवळ आला की कंडक्टर डबल बेल मारायचा आणि गाडी आम्हाला घेऊन थेट कोरेगावच्या स्टँडवर. तिथून मागं यायला वडाप होतं, पण त्या जीपमध्ये गडीमाणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, उरलेली बाहेर लटकलेली. वडापमध्ये पाय ठेवायचा नाही, असं प्रत्येकीला घरून बजावलेलं होतं. मग चालत, अंधारातून.

माझी मैत्रीण पलीकडच्या आळीतली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिला फौजदार व्हायचं होतं, आणि हे ती कुणालाही सांगायची, हसणाऱ्यांनासुद्धा. तिचे वडील पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आलेले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. त्यांनी पोरीला कॉलेजात घातलं ते एका अटीवर, दिवेलागणीच्या आत घरात. दिवाळीनंतर दिवस लहान झाले आणि ती अट मोडायला लागली. एकदा आम्ही दोघी पोचलो तेव्हा तात्या दारातच उभे होते.

“ह्यो लास्ट चान्स,” ते म्हणाले. “परत आसा टाइम झाला तर कालेज बंद. फालतू बडबड न्हाई पायजे.”

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी फाट्यावर मात्र तिनं माझा बिल्लाच धरला. “तू पर्तिनिधी हायस न्हवं? मग कर की कायतरी. का नुसता लावून हिंडतीयास?”

मी अर्ज लिहिला. डेपोत नेऊन दिला. ‘बघतो’ असं उत्तर मिळालं, आणि सरकारी ‘बघतो’ म्हणजे काय हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मग आसपासच्या गावांतली कॉलेजची पोरं जमली आणि रास्ता रोको ठरला. पोरं म्हणाली, पोरींना पुढं बसवू, पोलीस पोरींवर हात टाकत नाहीत. सगळीकडं तसंच करतात. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. निवेदन कोण देणार, याची चर्चासुद्धा झाली नाही. बिल्ला कुणाकडं होता ते सगळ्यांना दिसतच होतं.

ठरल्या दिवशी एसटीच्या आधी आला उसाचा ट्रक. शिगोशीग भरलेला, उतारावरून येणारा. आदल्या दिवशी छातीठोकपणे बोलणारी पोरं साइडपट्टीवर उभी राहून ‘तू बस, तू बस’ करायला लागली. घोषणा पाठ असूनही मी त्यांच्यातच उभी राहिले. तेवढ्यात माझ्या मैत्रिणीनं वह्या कडेला ठेवल्या, चालत रस्त्याच्या मध्यावर गेली आणि पंगतीला बसावं तशी मांडी घालून बसली. ट्रकनं करकचून ब्रेक मारला. बंपर तिच्यापासून दोन हातांवर असेल. तिनं मागं वळून बघितलं आणि ओरडली, “बसा गं! बघताय काय?”

सगळ्या पोरी बसल्या. मग पोरंही त्यांच्या मागं बसली. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या. थोड्या वेळानं डेपोचे साहेब जीपमधून आले, लांब चिंचेखाली थांबले आणि त्यांनी विचारलं, “प्रतिनिधी कोण?” मी गेले. सावलीत उभं राहून निवेदन दिलं, पाठ केलेलं चार वाक्यांत बोलले. उद्यापासून प्रत्येक गाडी फाट्यावर थांबेल, असं साहेबांनी कबूल केलं. तेवढ्या वेळात तिकडं उन्हात पेपरवाल्यानं फोटो काढला होता.

तो दुसऱ्या दिवशी छापून आला. मधोमध माझी मैत्रीण, तोंड उघडं, मूठ वर, ओढणी खांद्यावरून घसरलेली. खाली बातमीत माझं नाव, निवेदन दिल्याचं. माझ्या वडिलांना लोक थांबवून सांगायला लागले, पोरगी साहेबाशी बोलली, गावाचं नाव काढलं. फोटोतल्या पोरींच्या घरी तीच माणसं वेगळं बोलून आली. त्यांच्या पोरी रस्त्यावर बसल्या होत्या, आणि ते सगळ्या तालुक्यानं बघितलं होतं.

मी तात्यांकडं गेले. ते म्हशीला वैरण घालत होते.

“आवं तात्या, गाडी थांबणार हाय आता. येळेत येईल ती.”

“व्हय, ऐकलं. चांगलं काम केलंस पोरी.” ते चिडलेले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “तू जा कालेजला.”

“आन ती?”

त्यांनी हातातली पेंडी खाली ठेवली. “स्टँडवरच्या हाटेलात च्या प्यायला गेलतो. टेबलावर त्योच पेपर हातरलेला. माझ्या पोरीच्या तोंडावर बशी ठिवून माणसं भजी खात हुती. म्या बघितलं ह्या डोळ्यानं. आता ह्याच्या म्होरं तू काय बोलणार हायस, बोल.”

मैत्रीण आत चुलीपाशी होती. भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला, पण ती बाहेर आली नाही. पुढच्या महिन्याभरात बाकीच्या पोरीही एकेक करून घरी बसल्या. मैत्रिणीचं लग्न परीक्षेच्या आधीच झालं. मुलगा सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होता.

आणि गाडी थांबायला लागली. अगदी रोज, दोन्ही वेळेला. सबंध फाट्यावर मी एकटी उभी असायचे, ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा आणि कंडक्टर दार उघडून म्हणायचा, “चढा पुढारी.” त्या गाडीला काडी लावावी, असं मला कितीदा तरी वाटलं. तरी रोज मी तिच्यातच बसून गेले, कारण कॉलेज मलाही सोडायचं नव्हतं.

दोन वर्षांनी सांगलीच्या त्याच शिबिरात मला अनुभव सांगायला बोलावलं. सरांनी तो फोटो मोठा करून फलकावर लावला होता. “बघा, नेता नेहमी पुढे असतो,” ते म्हणाले. समोर बसलेल्यांतली एक मुलगी उठली आणि तिनं साधेपणानं विचारलं, “ताई, ह्यात तुम्ही कुठल्या?”

“मी ह्यात नाही,” मी म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, हा विनय. पुढचं सगळं सांगायचं माझ्या मनात होतं, पण मला हार घातला गेला आणि चहाची सुट्टी झाली. मी हार खुर्चीवर ठेवला आणि बस धरून कुपवाडला गेले.

तिची खोली एका वर्कशॉपच्या मागं होती. दिवसभर लोखंड घासल्याचा आवाज. तिच्या मांडीवर काही महिन्यांचं बाळ होतं. “लय वाळलीस गं,” ती म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारायला लागली. मी आईचं विचारलं, तिनं गावाचं विचारलं. कोणत्या गाड्या थांबतात, तेही विचारलं. शेवटी मीच म्हणाले, “माझा राग येतो का गं तुला?”

“तुझा कशाला?” तिनं कप माझ्यापुढं सरकवला. “त्यो ट्रक थांबला न्हवं, तवा लय भारी वाटलं हुतं. आजून सपनात येतोय. तात्यांनी मारलं आसतं तरी चाललं आसतं मला. पर कालेजला जाऊ द्यायला पायजे हुतं.”

एवढं बोलून ती रडली. मीही रडले. मग तिनं तोंड पुसलं, मालक यायची वेळ झाली म्हणाली, आणि बाळाला कडेवर घेऊन मला सोडायला थांब्यावर आली.

शिफ्ट सुटली होती. लुना आणि स्कूटरची रांग लागली होती. सिटी बस आली ती गच्च भरून, आणि थांब्यावर थांबायचं लक्षण दिसेना. मी सवयीनं हात केला. माझ्या शेजारून ती पुढं झाली, बाळासकट सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. ब्रेक करकचले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शिवी हासडली.

“थांब्यावर माणूस हाय, दिसत न्हाई व्हय?” ती त्याच्यावर ओरडली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “चढ.”

मी चढले. मागच्या काचेतून बघितलं, तर ती अजून रस्त्यातच होती आणि स्कूटरवाले तिला वळसा घालून जात होते. मग एकानं ओळखीचा हॉर्न दिला. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती त्याच्या मागं बसून निघून गेली.