प्रसंगात नसलेली आई

पुण्याहून आलेल्या नाट्यशिबिराच्या सरांना नैसर्गिकपणाचं भारी वेड. आर्णीच्या शाळेतल्या हॉलमध्ये ते रोज एकच सांगायचे, "अभिनय करू नका, जगा." आम्ही एरवी काय करत होतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी प्रसंग दिला. मुलीला शिकायला बाहेरगावी जायचंय, ती वडिलांना सांगते; संवाद आयत्या वेळी सुचतील ते. मुलगी मी, आणि औषधांच्या दुकानात काम करणारा एक दादा माझा बाप. मला धडकीच भरली. नागपूरच्या नाट्यशिक्षणाचा अर्ज घरी माझ्या उशीखाली होता, पालकांच्या सहीची जागा कोरी होती आणि मुदत शनिवारी संपत होती.

मी मान वळवली आणि रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले, "आई, बाबाले म्हण, मले नागपूरले जायचं हाये."

दादाही त्याच कोपऱ्याला म्हणाला, "तिले म्हण, काही गरज नाही."

वर्गात कुणी हसलं नाही. बाप हातभर अंतरावर बसलेला असला तरी लेकीचं म्हणणं आईमार्फतच जातं, सगळ्यांच्या घरी तसंच. सरांनी मात्र कपाळाला हात लावला.

"कोणाशी बोलताय? आई या प्रसंगात नाहीच! डोळ्यांत डोळे घालून बोला. किती अनैसर्गिक आहे हे!"

आमचे बापजादे पिढ्यान्‌पिढ्या वाईट अभिनय करत आले, हे मला तेव्हा कळलं.

त्याच संध्याकाळी बाबा जेवत असताना मी समोर बसले. डोळ्यांत डोळे घातले. "बाबा, मले नागपूरले नाटक शिकाले जायचं हाये. तुमची सही पाह्यजे."

बाबांचा घास हातातच राहिला. ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अवं, इले ताप-गीप आला का?"

आईने येऊन माझ्या कपाळाला हात लावला आणि ती परत भाकरीकडे गेली. सरांची विद्या तिथेच आटोपली. मी गुमान दाराकडे तोंड केलं. "आई, बाबाले म्हण, शनिवारी मुदत संपते."

बाबांना हायसं वाटलं. "तिले म्हण, नाही."

गॅस बंद झाला. पिठाच्या हातांनी आई दारात उभी राहिली. "मी काय निरोप्या आहो का तुम्हा बापलेकीचा? नाही म्हणायचं हाये न, तर तिच्या तोंडावर म्हणा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहत भाकरीचा तुकडा मोडला. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. अर्धी भाकर संपली तरी 'नाही' काही बाहेर पडेना.

"कुठं करा लागते सही?" त्यांनी शेवटी मला विचारलं.

सही मिळाल्याचं सरांच्या कानावर गेलं, आणि समारोपाला त्यांनी मला बक्षीस दिलं. त्यांच्या पद्धतीमुळे मी घरी नजरेला नजर देऊन बोलले, असं त्यांनी माइकवर सांगितलं. शेवटच्या रांगेत बसून आई टाळ्या वाजवत होती. सरांनी तिला ओळखलं नाही. ती त्यांच्या प्रसंगात नव्हतीच.