आधी गावाला फोन लावा

सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी दादरच्या घरात कोथिंबीर निवडत बसले होते. "शालू, ह्यांनी आज दुकान उघडलं नाही," ती म्हणाली. एवढंच. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी म्हटलं असतं, कणकण असेल, झोपू दे. पण भावजींनी दुकान उघडलं नाही, हे वाक्य मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. स्वतःच्या लग्नादिवशीसुद्धा हा गृहस्थ आधी दुकान उघडून, दिवाबत्ती करून मग बोहल्यावर चढला होता, आणि मुहूर्त टळतोय की काय म्हणून आमच्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी कोथिंबीर तशीच टाकून निघाले. लालबागला पोचेपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही... चाळीच्या दारात चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कळलं.

भालचंद्र परब हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस लालबागमध्ये नांगर विकायचा, असं सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. चाळीच्या तळमजल्यावर एका हाताला मिरची-मसाला कांडायची डंख, दुसऱ्या हाताला मखराच्या सामानाचं दुकान, आणि मध्ये हे आमचे भावजी: पॉवर टिलर, गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी. ताईचं जमत होतं तेव्हा आमच्या वडिलांनी व्याह्यांना विचारलंच होतं, "अहो, पण लालबागात शेती करतं कोण?" त्यावर व्याही म्हणाले, "शेती कोकणात असते, पण तिचं पाकीट लालबागात असतं." खरंच होतं ते. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीतला पगार आणि पुढे बँकेतला, बेस्टमधला, कुणाच्या कुठल्या ऑफिसातला पगार गावच्या भातशेतीत जिरायचा. गावाला जायच्या आधी चाकरमानी भावजींकडे यायचा, यंत्र घ्यायचा आणि टेम्पोत टाकून पाठवून द्यायचा. शेजारच्या डंखेतली मिरची उडून नव्या कोऱ्या टिलरवर बसलेली असायची. गावात तो पहिल्यांदा सुरू झाला की चालवणारा आधी सटासट शिंकायचा. भावजी म्हणायचे, "शिंक आली म्हणजे माल आमच्याकडचाच."

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी ताईने आयुष्यभर कपाळाला हात लावला. यंत्र घेणारा मुंबईत, चालवणारा गावात. तेव्हा चालवणाऱ्याचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर जायचं नाही. गिऱ्हाईक आत आलं की भावजींचा पहिला प्रश्न, "खंयचो रे तू?" दुसरा, "शेत कोण करता?" आणि तिसरा प्रश्न नसायचाच, थेट हुकूम: "आधी गावाक फोन लाव." फोन स्पीकरवर. डंखेवर मिरची कांडायला आलेल्या बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या. कोकणातली जमीन म्हणजे सामायिक, सातबाऱ्यावर अख्खं खानदान, आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नसायचे. मुंबईचा भाऊ रुबाबात सांगायचा, "तुझ्यासाठी टिलर घेतोय." पलीकडून आवाज यायचा, "माका कोणी इचारल्यान? त्या टिलरान काय माझ्या डोक्यार नांगरू? वाटच नाय शेतात जावक!" मग वाटेचं भांडण निघायचं, त्यातून आंब्याच्या कलमांचं निघायचं, मग आईच्या दुखण्यात कोण आलं नाही ते निघायचं. भावजी मध्ये न्यायाधीशासारखे बसून दोघांना पाळीपाळीने बोलायला लावायचे. कधी शेवटी टिलर जायचा, कधी त्याऐवजी साधा पंप जायचा, आणि पुष्कळदा काहीच न घेता माणूस डोळे पुसत सरळ गावाची गाडी पकडायचा. मी त्यांना म्हणायचे, "भावजी, तुम्ही यंत्रं विकता की सोयरिकी जुळवता?" तर म्हणायचे, "शालू, गोठ्यात पडून गंजणारं यंत्र विकायला मला लाज वाटते." ती लाज आम्हाला अधूनमधून फार महागात पडायची.

एके दिवशी कंपनीचा साहेब आला. पोरगेलासा, गोड बोलणारा, सारखा "काका, काका" करणारा. म्हणाला, "काका, छोटे छोटे डीलर आता कंपनीला परवडत नाहीत. सगळं एका छताखाली आणायचंय. पनवेलजवळ मोठा शोरूम होतोय, बाकीचे सगळे त्यात मर्ज." वसईचा एक, पेणचा एक, अलिबागचे बापलेक, असे भावजींच्या ओळखीचे सगळे दुकानदार एकेक करून त्या छताखाली गेलेच होते. भावजींची एजन्सी वडिलांपासूनची, म्हणून साहेबाने एक वाट ठेवली: तपासणीत पास झालात तर लालबाग चालू राहील. पास होण्याच्या अटी भिंतीवर लावून गेला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, छातीवर नाव, कोपऱ्यात आग विझवायचा लाल डबा, आणि आलेल्या प्रत्येकाला हसून "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" जाताजाता कंपनीच्या ड्रायव्हरने हळूच सांगितलं, "परबकाका, एक माणूस गिऱ्हाईक बनून येईल. गुपचूप मार्क देऊन जाईल. सांभाळा."

झालं. आमच्या घरात दहावीचं वर्ष असल्यासारखं वातावरण झालं. मी तेव्हा नुकतीच टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाले होते, त्यामुळे शिकवणीची जबाबदारी माझ्यावर आली. मी गिऱ्हाईक व्हायचे, दारातून आत यायचे आणि भावजी टी-शर्टात पोट आवळून म्हणायचे, "नमस्कार, मी आपली..." पुढचं त्यांच्या घशात अडकायचं. "परक्यासारखं काय बोलायचं गं? येणारा काय माझ्याकडे अर्ज घेऊन आलाय?" ताई ओरडायची, "अहो, एजन्सी जाईल! म्हणा मुकाट्याने!" शेवटी एकदाचं ते वाक्य बसलं, पण ते इतक्या करुण आवाजात निघायचं की समोरच्याला वाटावं, ह्यांनाच काहीतरी मदत हवी आहे. फोनबद्दल तर ताईने देवासमोर बसवून बजावलं, तपासणी होईपर्यंत गावाला फोन बंद.

मग एक दिवस आला बाई तो. कडक इस्त्री, गळ्यात टाय, हातात चामड्याची बॅग. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भावजींनी वाक्य न अडखळता म्हटलं. ताईने आतून चहा आणला, मी पंखा वाढवला. प्रत्येक यंत्राची माहिती झाली, लाल डबाही दाखवून झाला. माणूस चकित होऊन बघतच राहिला. मग त्याने बॅग उघडली आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राची माहिती सांगायला सुरुवात केली. भावजींना वाटलं, हाही परीक्षेचाच भाग आहे, म्हणून ते प्रत्येक गोष्टीला हसून "अवश्य, अवश्य" म्हणत गेले. तासाभराने दुकानात एका यंत्राचा सौदा झाला खरा, पण घेणारे आम्ही होतो. ते यंत्र अजून ताईच्या मोरीवर आहे आणि त्यातून येणारं पाणी किंचित रबरासारखं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला एक माणूस आला. मी दारातल्या स्टुलावर बाहेर तोंड करून पेपर वाचत होते. ताई आतल्या पडद्याशी वाटाणे सोलत होती. माणसाने टिलरची किंमत विचारली. भावजींनी "नमस्कार" म्हटलं, पण पुढचं पाठ केलेलं वाक्य आलंच नाही. त्याऐवजी मला मागून ऐकू आलं, "खंयचो रे तू?" माणूस म्हणाला, "कणकवलीजवळचा," आणि वाडीचं नावही सांगून बसला. शेत भाऊ सुरेश करतो म्हणाला. "फोन लाव भावाक." माणूस गडबडला. नंबर नाही म्हणाला. "भावाचो नंबर नाय तुझ्याकडे?" भावजींनी त्या वाडीजवळच्या भातगिरणीवाल्याला फोन लावला, कारण त्याची मोटार त्यांच्याकडूनच गेली होती. गिरणीवाला फोन हातात धरून बांधाबांधाने चालत निघाला. त्याच्या चपलांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं आणि "अरे सुरेशा, लालबागसून फोन" ही हाक सगळ्या गल्लीने ऐकली. मग एक जाड, दमलेला आवाज आला, "कोण?" भावजींनी गिऱ्हाइकाला टिलरच्या खोक्यावर बसवून फोन त्याच्यापुढे धरला. शेवटी तो म्हणाला, "मी... महेश." पलीकडून आलं, "आवस रोज इचारता तुका. जेवलंस?" आईचा विषय निघाला तोवर डंख बंद झाली होती. मी पेपर वर धरून त्याच्या आड डोळे पुसले. महेश संध्याकाळपर्यंत बोलत बसला आणि काहीच न घेता निघून गेला.

पुढच्या आठवड्यात साहेबाने निकाल सांगितला. ग्राहकाला खासगी प्रश्न विचारले. ग्राहकाच्या नातेवाइकांशी परस्पर संपर्क साधला. विक्री झाली नाही. नापास. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की खोटं बोलायला पाठवलेल्या त्या माणसाने गावाचं नाव मात्र स्वतःचंच सांगितलं होतं. आपल्याकडचा माणूस बाकी सगळ्या थापा मारेल, पण गाव विचारलं की जीभ खरंच बोलते. कंपनीची माणसं बोर्ड उतरवून घेऊन गेली, उरलेले टिलर पनवेलला गेले. भावजी म्हणाले, "मॅट्रिकनंतर आत्ताच नापास झालो." आणि त्या दिवसापासून मी त्यांना चिडवायची एक संधी सोडली नाही. टायवाल्याला पास केलंत आणि परीक्षकाला ओळखलं नाहीत, असं मी येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायचे, आणि ते मान खाली घालून मिशीत हसायचे.

दुकान मात्र ते रोज उघडायचे. विकायला उरले होते पट्टे, प्लग आणि नटबोल्ट. लोक यंत्र पनवेलहून घ्यायचे, पण त्याआधी लालबागला यायचे, कारण भावाला फोन लावायची हिंमत घरातून होत नाही आणि पनवेलच्या काचेच्या शोरूममध्ये तर मुळीच होत नाही. पनवेलवाल्याने सुरुवातीला कंपनीकडे तक्रार केली. मग गावाहून परत येणाऱ्या यंत्रांनी त्याचं गोदाम भरायला लागलं, तेव्हा त्याचा सूर बदलला. त्याचेच सेल्समन गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "आधी लालबागला परबांकडे जाऊन या." भावजींना याचा कोण आनंद! ताई म्हणायची, "त्या पनवेलवाल्याकडून निदान चहापाण्याचं तरी घ्या." ते म्हणायचे, "बोलण्याचे कसले पैसे घ्यायचे?"

भावजींचं दिवसकार्य होऊन काही आठवडे झाले होते. दुकानाचं काय करायचं हे ठरवायला मी आणि ताई शटर अर्धं उघडून बसलो होतो. तेवढ्यात वाकून एक माणूस आत आला. केस पिकले होते, तरी मी ओळखलं. महेश. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, एक सांगायचंय. मागे तपासणीला आलो होतो तो मी. एजन्सी माझ्यामुळे गेली. कागदावर जे विचारलं होतं तेवढंच लिहिलं मी, त्यात फोनला मार्क नव्हते. नंतर दरवर्षी इथे येत राहिलो, पण मी कोण ते काकांना सांगायचं धाडस झालं नाही."

ताई म्हणाली, "अरे, तू आलास तेव्हाच त्यांना माहीत होतं."

मी आणि महेश एकदमच "काय?" म्हणून ओरडलो.

"तू आत आलास तेव्हा टिलरकडे बघितलंच नाहीस. आधी ह्यांच्या छातीवरचं नाव वाचलंस, मग कोपऱ्यातला लाल डबा बघितलास. गिऱ्हाईक कधी डबा बघतं? मी पडद्याआडून हातवारे करत होते, हाच तो, हाच तो. ह्यांनी मला मान हलवून दाखवली, कळलं म्हणून. आणि तरी फोन लावला." ताईने पदर तोंडाला लावला. "रात्री मी भांडभांड भांडले. कळत होतं तर विकून मोकळं का नाही झालात? तर म्हणतात कसे, 'गिरायक खोटा होता गो, पण तेचो भाऊस खरो होतो.'"

माझ्या इतक्या वर्षांच्या चिडवण्यावर तो माणूस मिशीत का हसत होता, ते मला तेव्हा कळलं... मी तिथेच खोक्यावर बसून रडले. भावजी गेल्यापासून इतकी रडले नव्हते. महेश बिचारा गोंधळून म्हणाला, "भाऊ पण आलाय. बाहेर उभा आहे, आत यायला लाजतोय." ताईने हाक मारली. दारात एक रापलेला, उंच माणूस आला, चपला काढाव्यात की नाही या विचारात थांबला आणि म्हणाला, "मी... फोनवरलो." ताई चहा ठेवायला आत गेली. ती कप घेऊन बाहेर येईपर्यंत त्या दोघांचं, पनवेलहून टिलर घ्यायचा की नुसतं गवत कापायचं यंत्र, यावरून चांगलंच वाजलं होतं आणि डंखेवरच्या बायका हातातलं काम टाकून ऐकत होत्या. मी उठले आणि शटर पूर्ण वर केलं.