ऑइल बदलल्यानंतरचा खडखडाट

तेलीबांध्याच्या सर्व्हिस सेंटरमधला तो मेकॅनिक तीन वर्षं माझी गाडी पाहायचा. लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ कोणी बोललेलं त्याला खपत नसे.

गेल्या आठवड्यात तिथेच ऑइल बदललं आणि दुसऱ्याच दिवशी इंजिन खडखडू लागलं. मॅनेजर म्हणाला, "गाडी आपने रगड़ी है, वॉरंटी नहीं मिलेगी." मी चिडून भांडू लागलो. मेकॅनिकने आवाज ऐकला, इंजिन बंद करून ऑइल मोजायची डिपस्टिक पाहिली. मॅनेजर त्याच्याकडे रोखून बघत होता.

"ऑइल कमी भरलं, भाऊ. चूक मायीच आहे," तो मला म्हणाला आणि जॉबकार्डवर तसंच लिहून त्याने सही केली.

इंजिन वॉरंटीत दुरुस्त झालं. आज गाडी आणायला गेलो, तर त्याच्या जागी दुसराच माणूस होता. तो कुठे गेला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.